कांताबाईंच्या घराला किंमत येते

कांताबाईंना ते घर सोडायचं होतं, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय जगात फक्त एका बाईला ठाऊक होती. ती बाई बदलापुरात राहत होती आणि तिला कमी ऐकू यायचं. तेव्हा गुपित तसं सुरक्षितच होतं म्हणायचं.

म्हाताऱ्या माणसाचा जीव घराच्या भिंतींत अडकलेला असतो, असं आपण उगाच धरून चालतो. कांताबाईंचा जीव भिंतींत कधीच नव्हता. भोईवाड्याच्या चाळीत त्यांची एकच खोली होती, त्यात सासू, दीर, नवरा, पोरगा आणि गावाहून आलेलं कोणी ना कोणी. पण सकाळी पाण्याला उठल्यावर दार जे उघडायचं, ते रात्री निजतानाच लागायचं. मधल्या वेळात कोण आलं, कोण गेलं, कोणी डब्यातलं खोबरं उचललं, ह्याचा हिशेब कोणी ठेवत नसे. पुढे चाळ पडली, काही वर्षं ट्रान्झिट कॅम्पात गेली, आणि त्याच जागेवर टॉवर उभा राहिला. कांताबाई चौदाव्या मजल्यावर गेल्या. घर चांगलं होतं. हॉल, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम घरातच, नळाला दिवसभर पाणी. नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त तिथं कोणी येत नव्हतं.

सुरुवातीला त्यांनी सवयीने दार उघडं ठेवून बघितलं. वाऱ्याने ते दाणकन आपटायचं. मग समोरच्या ब्लॉकमधली नवी बाई एकदा अगदी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, दार लावून घ्याल का प्लीज? तुमच्या बोंबलांचा वास आमच्या बेडरूमपर्यंत येतो." त्या दिवसापासून दार बंद झालं. नाना, म्हणजे कांताबाईंचे यजमान, होते तोवर निदान भांडायला माणूस होता. दोघं पंख्याच्या स्पीडवरून भांडायची, टीव्हीच्या आवाजावरून भांडायची. चार वर्षांपूर्वी नाना गेले आणि पंखा कितीही जोरात फिरवला तरी कोणी काही म्हणेनासं झालं.

नानांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसं पांगल्यावर, त्यांचा एकुलता एक मुलगा अजित म्हणाला होता, "आई, चल आमच्याकडे कळव्याला."

"नको रे," कांताबाई म्हणाल्या.

आता ह्या 'नको'ची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यातच आहे. कांताबाई ज्या घरांत वाढल्या, तिथं पहिल्या विचारण्याला हो म्हणणाऱ्या माणसाला हावरट म्हणत. पाहुण्याला भाकरी वाढायला जावं, तर पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरणार. मग वाढणारीने "घ्या हो, एवढीशी तर आहे" म्हणायचं, पाहुण्याने पुन्हा मान हलवायची, आणि तिसऱ्या खेपेला भाकरी ताटात पडायची. पाहुण्याला भूक असते, वाढणारीला ते ठाऊक असतं, तरी हे सगळं व्हायलाच लागतं. साध्या भाकरीला एवढा आग्रह, तर उतारवयात सुनेच्या घरी बिऱ्हाड हलवायला किती लागेल! कांताबाईंनी एकदा नको म्हटलं आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत पदराशी चाळा करत बसल्या. अजित ऐरोलीच्या कंपनीत काम करतो. तिथं नको म्हणजे नको. "बरं आई, तुझी इच्छा," असं म्हणून, आईचं मन जपल्याच्या समाधानात तो कळव्याची वाट धरून गेला.

त्याचीही चूक म्हणता येत नाही. चाळ पाडायची बोलणी चालू होती तेव्हा बिल्डरची माणसं घराघरात जाऊन सांगत होती की पैसे घ्या आणि विरारच्या पलीकडे कुठं तरी जा. भल्या भल्या मिशावाल्यांनी माना डोलावल्या होत्या. कांताबाईंनी मात्र मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं, "आम्ही इथून हलणार नाही. घर द्यायचं तर इथंच द्या." चाळीला जागेवर घरं मिळाली ती बरीचशी त्यांच्या त्या आवाजामुळे. अजित तेव्हा कॉलेजात होता. ही गोष्ट तो अजूनही येईल त्याला सांगतो, आणि सांगताना त्याची छाती फुगते. असल्या आईला घर सोडून चल म्हणून दुसऱ्यांदा विचारायची कोणाची टाप आहे?

आणि कांताबाईंनी आपणहून बोलायचं, तर तेही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार वर्षं ती मूठ झाकलेलीच राहिली.

मग ह्या जानेवारीत अजितचा फोन आला. पनवेलला त्याने एक फ्लॅट बघितला होता. दोन बेडरूम आणि वर एक छोटी खोली.

"आपल्या भोईवाड्याच्या घराचं व्हॅल्युएशन करून घ्यायचंय आई. बँकेचा माणूस येईल, घर बघेल, किंमत काढेल. किंमत चांगली आली तर पनवेलचं जमून जाईल."

कांताबाई "बरं" म्हणाल्या. फोन ठेवला आणि गॅसवर दूध होतं ते पार उतू गेलं तरी त्या उभ्याच. माणूस घराची किंमत कशाला काढतो? विकायला. घर विकलं तर आई कुठं राहणार? एक खोली नवरा-बायकोची, एक नातीची, आणि ती वरची छोटी खोली कोणाची, हे काय सांगायला हवं? शिवाय ह्यात विचारणं नाही, नको म्हणणं नाही, आग्रहाची वाट बघणं नाही. सगळं परस्पर होणार. कांताबाईंनी दूध पुसलं आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःसाठी दुसरा कप चहा केला.

आता एकच गोष्ट व्हायला हवी होती. किंमत चांगली यायला हवी होती.

ह्या बाबतीत सल्ला विचारायचा तर लवूला. लवू चाळीतलाच, तळमजल्यावरच्या पोरांच्या गराड्यात वाढलेला. आता टॉवरखाली गाळा घेऊन इस्टेट एजंट झाला होता आणि कानात सतत काहीतरी घालून फिरायचा. कांताबाईंनी त्याला वर बोलावलं. विकायचंय वगैरे काही बोलल्या नाहीत, "बँकेचा माणूस यायचाय" एवढंच.

लवू घरभर फिरला. "मावशी, फर्स्ट इम्प्रेशन मॅटर करतं. सामान कमी करा. रूम मोठी दिसली पाहिजे. हे पिंप कशाला ठेवलंय?"

"पाणी गेलं तर?"

"इथं पाणी जातं कुठं मावशी! बल्ब बदला, पांढरे लावा. बाथरूमच्या ह्या भिंतीला ओल आलीय, ती आधी बुजवा, ओल बघितली की हे लोक लगेच लिहितात. आणि चार दिवस सुकट-बोंबील बंद."

"बरं."

मग लवू हॉलमध्ये येऊन थांबला. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, चाळीतून आणलेली. लवूने आवाज जरा खाली केला. "मावशी, राग मानू नका. मी रोज फ्लॅट दाखवतो, मला माहितीय लोक काय काय बघतात. तेवढ्या दिवसापुरते फोटो आत ठेवले तर..."

"लवू, तुझ्या आईच्या घरात कोणते फोटो आहेत?"

"हेच."

"मग तिला जाऊन सांग काढायला. किती लाटणी तुटतात ते मला येऊन सांग."

लवू कान पकडून हसला आणि पळाला. कांताबाईंनी त्याच दिवशी तसबिरी उतरवल्या, काचा वर्तमानपत्राने लख्ख पुसल्या आणि होत्या तिथंच लावल्या. तरी दुपारी आडवं पडल्यावर मनात आलंच, की ह्यामुळे खरंच किंमत कमी धरली तर? आली तर आली, असं त्या कुशीवर वळून म्हणाल्या. पण झोप लागली नाही.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात कांताबाईंनी आयाबाई म्हणून उभी हयात काढली होती. तिथं मोठ्या साहेबांचा राऊंड असला की आदल्या दिवसापासून वॉर्डात लगीनघाई. लाद्या फिनेलने दोनदा पुसायच्या, चादरींचे कोपरे गादीखाली चापून बसवायचे, खाटेखालचं गाठोडं दिसेनासं करायचं. साहेब यायच्या आधी पेशंटसुद्धा जरा बरे दिसायला लागत. कांताबाईंनी घराला तसाच राऊंड लावला. खिडक्यांच्या सरकत्या काचांच्या खाचांतली माती त्यांनी जुन्या टूथब्रशने काढली. गॅसच्या मागची फरशी सोड्याने घासली. नळांना लिंबाची सालं चोळली. हार्डवेअरवाल्याकडून पुट्टी आणली, ओलीचे पापुद्रे उलथन्याने खरवडले आणि स्टुलावर चढून भिंत सपाट केली. असल्या कामाला खरं तर स्टूल धरायला एक माणूस लागतं. त्यांनी एक हात भिंतीला टेकवला आणि दुसऱ्या हाताने काम उरकलं. दोन दिवसांनी त्यावर पांढरा रंग फिरवला तेव्हा तिथं कधी ओल होती हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मग माळा काढला. माळ्यावर तीन गाद्या होत्या. टॉवरमध्ये आल्या आल्या कांताबाईंनी त्या पिंजाऱ्याकडून भरून घेतल्या होत्या, अजित, सून प्रिती आणि नात संघमित्रा, म्हणजे मित्रा, राहायला आली की अंथरायला. ती येत, जेवत आणि संध्याकाळी परत जात. सकाळी मित्राची शाळा असायची, नाहीतर क्लास, नाहीतर प्रितीची ड्यूटी. कारणं खरीच असायची. गाद्यांना मात्र माणसाचं अंग कधी लागलं नाही. कांताबाईंनी त्या जिना झाडणाऱ्या बाईला देऊन टाकल्या. पिंप दिलं, हंडे दिले, जास्तीची भांडी दिली. पनवेलला एवढं सामान कोण नेणार? एका छोट्या खोलीत मावेल तेवढंच बरं, असा त्यांचा हिशेब. घर रिकामं होत गेलं तशी त्यांना भीती वाटायला हवी होती. पण त्या चक्क गुणगुणत होत्या.

हे सगळं कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून त्यांनी बदलापूरला राधाबाईंना फोन लावला. राधाबाई म्हणजे चाळीतली शेजारीण, मालवणकडची. पंचवीस वर्षं दोघींची भिंत एक होती. आता कमी ऐकू यायचं म्हणून त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोललं तर अख्खा मजला ऐकणार. कांताबाई बाथरूममध्ये गेल्या, दार लावलं, नळ सोडला आणि ओरडल्या, "घर विकतायत! मी अजितकडे जाणार!"

"कोण मेला?"

"कोणी नाही मेलं! मी अजितकडे चाललेय!"

"मगे बरा झाला गो! पण त्याने तुका सांगितला काय तसा?"

"तसं तोंडाने नाही सांगितलं."

"अगो मग तू सांग! पोर रडल्याबिगर आईस पण पाजत नाय."

"आईने रडायचं आणि लेकाने पाजायचं, अशी रीत असते काय कुठं?" कांताबाई म्हणाल्या. राधाबाईंना ते ऐकू आलं नाही, आणि कांताबाईंनी पुन्हा ओरडून सांगितलं नाही. फोन ठेवून त्यांनी नळ बंद केला.

बँकेचा माणूस आला तो सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच नंतर. कांताबाई सकाळपासून तयार होत्या, चौदा एप्रिलला नेसायची पांढरी निळ्या काठांची साडी नेसून. लालबागहून चिवडा आणून ठेवला होता, चहाचं आधण दोनदा आटून तिसऱ्यांदा चढलं होतं. माणूस चाळिशीचा, खांद्याला बॅग, हेल्मेटने केस चप्प बसलेले. त्याने आल्या आल्या खिशातून एक छोटं यंत्र काढलं. त्यातून भिंतीवर लाल ठिपका पडला, यंत्राने टुक् केलं, त्याने आकडा टिपला.

"बसा ना. चहा टाकलाय."

"नको मावशी, अजून शिवडीला जायचंय."

"घ्या हो, अर्धा कप," कांताबाई म्हणाल्या. त्या पद्धतशीर होत्या.

"नको खरंच."

"होतच आलाय, एवढा काय वेळ जातो त्याला!"

माणूस हसला आणि त्याने उभ्या उभ्या चहा घेतला. तिसऱ्या खेपेला घेतला. कांताबाईंना तो एकदम आवडून गेला. मग त्यांचं तोंड सुरू झालं ते थांबेना. सकाळचं ऊन कुठपर्यंत येतं, पाण्याला जोर कसा आहे, लिफ्ट कधी बंद पडत नाही, खिडकीतून हवा अशी येते की पंखा लागत नाही. माणूस "हो का" म्हणत स्वयंपाकघर मोजत होता. बाथरूमच्या भिंतीवर त्याने हात फिरवून बघितला. कांताबाईंनी त्याची कपबशी उचलून धुवायला घेतली.

"लीकेज वगैरे?"

"अजिबात नाही."

"घर छान ठेवलंय मावशी. ह्या बिल्डिंगमधली मी बाकीची बघितलीत, पाच-सहा वर्षांत वाट लावलीय लोकांनी." त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. "कोण कोण राहतं इथं?"

"मी एकटीच."

"बरं. आता दारात उभ्या राहा, एक फोटो लागतो रिपोर्टला."

कांताबाई दारात उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. फोटोत हसायचं असतं की नसतं हे त्यांना कळेना, म्हणून थोडंसंच हसल्या. माणसाने बॅग खांद्याला अडकवली, हॉलमधल्या तसबिरींकडे एकदा बघितलं आणि बाहेर पडता पडता म्हणाला, "येतो मावशी. जय भीम."

"जय भीम, जय भीम," कांताबाई म्हणाल्या, आणि तो लिफ्टमध्ये गेल्यावर त्यांनी डोळ्यांना पदर लावला. किंमत चांगली येणार ह्याविषयी त्यांना आता शंका उरली नाही.

आणि झालंही तसंच. पुढच्या आठवड्यात अजितचा फोन, आवाजातच आनंद. "आई, रिपोर्ट मस्त आलाय. आमच्या अंदाजाच्या वर. रविवारी सगळे येतोय, तुझ्या सह्या लागतील."

शनिवारी कांताबाई मटण आणायला खाली उतरल्या तेव्हा वॉचमन अप्पा खुर्चीत पेपर वाचत बसला होता. एरवी त्या "काय अप्पा" म्हणून पुढे जात. त्या दिवशी थांबल्या. "बहुतेक जाणार मी आता लेकाकडे. ऐकतच नाहीत ती दोघं."

"नशीबवान आहात," अप्पा म्हणाला.

"मी म्हणतेय नको, पण पोरांपुढे काय चालतंय," कांताबाई म्हणाल्या. एवढं धडधडीत खोटं त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या असतील, पण बोलताना इतकं गोड लागलं की सांगून सोय नाही.

रविवारी मंडळी आली. मित्राने आल्या आल्या हॉलभर गिरक्या घेतल्या. "आजी, तुझं घर केवढं मोठं झालं!"

"गाद्या कुठं गेल्या आई?" प्रितीने विचारलं.

"दिल्या. पडून होत्या नुसत्या."

जेवणं झाली. मटणाला सगळ्यांनी नावाजलं. मग अजितने पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि आईच्या तोंडात स्वतःच्या हाताने पेढा घातला.

"आई, मला आधी सांग, तू घाबरली होतीस ना? घर विकतो की काय म्हणून?"

कांताबाईंच्या तोंडात पेढा होता.

"मीही घाबरलो होतो. किंमत कमी आली असती ना, तर विकण्याशिवाय इलाज नव्हता. पण व्हॅल्युएशन एवढं चांगलं आलं की नुसतं तारण ठेवून लोन होतंय. विकायचं कामच नाही. घर तुझंच, तुझ्याच नावावर. हप्ते सगळे मी भरणार. तुला इथून कोणी हलवणार नाही."

"ह्यांना झोप नव्हती आई," प्रिती म्हणाली. "रोज म्हणायचे, आईने ह्या जागेसाठी काय काय केलंय, आणि मी तिला घराबाहेर काढू? मी म्हटलं, आईंना तिकडे आणू, तर म्हणाले, ती यायची नाही, मी विचारलंय एकदा."

"रिपोर्टमध्ये काय लिहिलंय बघ ना!" अजितने कागद पुढे केला. "वेल मेन्टेन्ड. ओल नाही, लीकेज नाही. हे तुझ्यामुळे, आई. तू घर असं ठेवलंस म्हणून तुझं घर वाचलं."

कांताबाईंनी पेढा गिळला. आपल्याच हाताने आपण ती भिंत बुजवली, स्टुलावर चढून, पडायची भीती असताना. ती ओल तशीच राहू दिली असती तर? नळ काळे, काचा धुरकट, सुकटीचा वास घरभर आणि माळ्यावर पसारा, असं घर त्या माणसाला दाखवलं असतं तर? तर आज त्या पनवेलला जायच्या तयारीला लागल्या असत्या. त्यांना स्वतःचा संताप आला, आणि लगेच रडू आलं, आणि पोरं समोर असल्यामुळे त्यांनी दोन्ही आवरलं.

"ती वरची छोटी खोली," त्यांनी विचारलं, "तिचं काय करणार?"

"ते माझं ऑफिस. तीन दिवस घरूनच काम असतं ना. टेबल ऑर्डरसुद्धा केलंय." अजितने पेन उघडून दिलं. "इथं सही कर. आणि इथं. खूश ना?"

"खूश," कांताबाई म्हणाल्या आणि सह्या केल्या. हॉस्पिटलच्या हजेरीवर करायच्या तशा, सावकाश, पूर्ण नावाच्या. नाराजी धरायची तर ती कोणावर? पोरगा वाईट असता तर सोपं होतं. वाईट पोराला निदान शिव्या देता येतात. हा तर आईचं घर वाचवलं म्हणून समोर डोळे भरून बसला होता.

ऊन कलल्यावर मंडळी निघाली. सकाळी मित्राची शाळा होती. कांताबाईंनी उरलेलं मटण डब्यात भरून दिलं, चिवड्याची पिशवी दिली, नातीच्या गालावरून हात फिरवला. प्रिती आणि मित्रा एका खेपेने खाली गेल्या, कारण लिफ्टमध्ये शेजाऱ्यांची कसली तरी कपाटं चढत-उतरत होती. अजित पुढच्या खेपेसाठी थांबला. मायलेक पॅसेजमध्ये उभे राहिले. अजितने चपलेचा पट्टा नीट केला, मोबाइल बघितला, तो खिशात ठेवला आणि एकदम आईकडे वळला.

"आई, खरं सांग. तुला आमच्याकडे यायचं नव्हतं ना? राहायला म्हणून?"

कांताबाईंनी त्याच्याकडे बघितलं. चाळिशी उलटली होती, कानांजवळ केस पांढरे झाले होते, आणि तोंडाला अजून पेढ्याचा कण चिकटलेला होता. त्यांनी तो बोटाने पुसला.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "मला काय करायचंय तिकडे?"

आणि थांबल्या. त्याच्या तोंडाकडे बघत थांबल्या.

अजितचा चेहरा सैल झाला. खांदे खाली आले. "माहीत होतं मला," तो हसून म्हणाला. "प्रितीला मी सांगत होतो, माझी आई मला माहितीय." त्याने वाकून आईच्या पायांना हात लावला. लिफ्ट आली. आत शिरून त्याने हात हलवला, कांताबाईंनीही हलवला, आणि दारं मिटली.

"विचार ना रे अजून एकदा," कांताबाई म्हणाल्या.

मग कोणी ऐकलं की काय म्हणून त्यांनी पॅसेजमध्ये दोन्हीकडे बघितलं. सगळी दारं लावलेली होती. कोणी नव्हतं.